टोकदार टिप बाजूला ठेवा: सोल्डरिंग आयर्नसाठी योग्य टिप कशी निवडायची

नवं सोल्डरिंग आयर्न किंवा स्टेशन आणलं की त्यावर बहुधा अणकुचीदार, शंकूच्या आकाराची टिप बसवलेली असते. सर्किटचं काम नाजूक, तेव्हा टोकही बारीक असलेलं बरं, असं वाटून नवशिके त्याच टिपेवर काम सुरू करतात. मग सोल्डर लवकर वितळत नाही. वितळलंच तर पॅडवर, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या ठिपक्यावर, बसायचं सोडून टिपेवर मागे चढतं. जोड खडबडीत दिसतो, म्हणून तापमान वाढवलं जातं. फ्लक्स (सोल्डर नीट पसरावं म्हणून तारेतच भरलेला पदार्थ) जळतो, टिप काळी पडते, आणि काळ्या टिपेला सोल्डर चिकटतच नाही. शेवटी "आपला हातच यात चालत नाही" असं म्हणून माणूस आयर्न कपाटात ठेवून देतो. यात हाताचा दोष फार थोडा असतो. टिप बदलली की पहिल्या तासाभरातच फरक दिसतो, म्हणून आयर्नच्या वॅटबद्दल किंवा कंपनीबद्दल खल करण्याआधी टिपेकडे नीट बघावं, असं माझं ठाम मत आहे.

टिपेचं काम एकच: हीटरमधली उष्णता पॅड आणि पार्टच्या पायापर्यंत पोचवणं. उष्णता जाते ती जिथे धातू धातूला टेकतो तेवढ्याच जागेतून. शंकूचं टोक पॅडला टेकतं ते जेमतेम एका बिंदूवर. शिवाय ते टोक हीटरपासून लांब असतं आणि मधला धातू निमुळता होत गेलेला असतो, त्यामुळे पॅडने उष्णता ओढून घेतली की टोक थंड होतं आणि मागून भरपाई सावकाश येते. स्टेशनच्या डिस्प्लेवर ३५० अंश दिसत असेल, पण तो आकडा हीटरजवळच्या सेन्सरचा आहे. जोडाच्या जागी तेवढं तापमान असेलच असं नाही.

टिप आतून कशी असते

हे एकदा समजलं की निवड आणि निगा दोन्ही सोपं होतं. चांगल्या टिपेचा गाभा तांब्याचा असतो, कारण तांबं उष्णता झपाट्याने वाहून नेतं. पण वितळलेल्या सोल्डरमधलं कथील तांब्याला हळूहळू विरघळवतं, म्हणून तांब्यावर लोखंडाचा पातळ थर चढवलेला असतो. टोकाच्या कामाच्या भागावर कथील लावून ठेवलेलं असतं. मागच्या भागावर क्रोमियमचा मुलामा असतो, ज्याला सोल्डर चिकटत नाही. त्यामुळे सोल्डर पुढच्या भागातच राहतं.

हा लोखंडी थर म्हणजे टिपेचं आयुष्य. तो कानशीने किंवा पॉलिश पेपरने घासला तर आतलं तांबं उघडं पडतं, कथील ते खाऊ लागतं आणि टोकाला खड्डा पडतो. अशी टिप पुन्हा दुरुस्त होत नाही. अपवाद फक्त मुलामा नसलेल्या, साध्या तांब्याच्या बिटचा (बिट म्हणजे टिपच). तिचं टोक खाऊन वेडंवाकडं झालं की ती थंड असताना कानशीने घासून परत आकार देतात, आणि गरम करून लगेच सोल्डर लावतात. ओळखायची खूण सोपी आहे: लालसर तांबं दिसत असेल तर घासता येते, चंदेरी असेल तर कानस लांब ठेवा.

पायरी पहिली: आपल्या आयर्नला काय बसतं

थेट भिंतीच्या सॉकेटला लावायचं २५ वॅटचं आयर्न, सोल्ड्रॉन किंवा तशाच दुसऱ्या एखाद्या कंपनीचं, आपल्याकडे कॉलेजच्या लॅबपासून रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानापर्यंत सगळीकडे दिसतं. त्याची बिट म्हणजे एक दांडी असते, नळीत सरकवून स्क्रूने आवळलेली. तापमान ठरवायची सोय नसते. नुसतं ठेवून दिलं तर ते गरजेपेक्षा बरंच जास्त तापतं. बिट थोडी बाहेर ओढून आवळली तर टोकाचं तापमान जरा उतरतं, ही जुन्या कारागिरांची युक्ती आजही कामाची आहे. या आयर्नला टोकदार आणि चपटी अशा दोन्ही बिट मिळतात. चपटी मागा, दुकानदार तिला 'स्पेड बिट' म्हणतात. आणि अधूनमधून, आयर्न पूर्ण थंड असताना, बिट बाहेर काढून नळीतला काळा भुगा झटकून टाका. तसं केलं नाही तर बिट आत अशी घट्ट बसते की काढताना हीटरच तुटतो.

नॉब किंवा डिस्प्लेवरून तापमान ठरवता येणारी स्वस्त स्टेशन घेतलीत तर ती बहुतेक ९३६ नावाच्या जपानी हाको स्टेशनच्या धर्तीवरची असतात आणि त्यांना '९००एम' मालिकेच्या टिपा बसतात. ही टिप पोकळ असते. ती सिरॅमिक हीटरवर टोपणासारखी सरकते आणि वरून नळी व नट लावून धरली जाते. टिप बदलताना स्टेशन बंद करा, थंड होऊ द्या, नट हाताने सोडवा. गरम असताना पक्कडीने ओढाओढ केली तर सिरॅमिक हीटरला तडा जातो, आणि तो टिपेपेक्षा महाग असतो.

तिसरा प्रकार टी१२. यात हीटर, सेन्सर आणि टिप एकाच दांडीत असतात. मधे हवेची फट राहत नाही, त्यामुळे काही सेकंदांत तापतं आणि पॅडने उष्णता ओढली की लगेच भरून काढतं. प्रत्येक टिपेची किंमत जास्त, कारण दर वेळी हीटरही विकत घ्यावा लागतो; तरी रोज काम करणाऱ्याने पैसे इथेच घालावेत. पाइनसिल आणि टीएस१०० या पेनएवढ्या आयर्नच्या टिपाही अशाच एकसंध असतात आणि आकारांची नावंही मिळतीजुळती, पण त्या टी१२ मध्ये बसत नाहीत. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे सी२१० आणि सी११५ या जेबीसी कंपनीच्या धर्तीच्या छोट्या टिपा असतात. नवशिक्याला त्यांची गरज नाही.

पायरी दुसरी: पॅड मोजा

टिप निवडायला बसण्याआधी आपण सोल्डर करणार कशाला ते बघा. झिरो पीसीबीवर (सरावाच्या, भोकांच्या रांगा असलेल्या साध्या बोर्डावर) किंवा साध्या किटवर काम करणार असाल तर भोकांमधलं अंतर २.५४ मिमी आणि तांब्याचं पॅड साधारण दीड ते दोन मिमी रुंद असतं. एसएमडी, म्हणजे भोकाशिवाय बोर्डाच्या पृष्ठभागावरच बसणाऱ्या पार्टमध्ये ०८०५ आकाराचा रेझिस्टर २ मिमी लांब आणि १.२५ मिमी रुंद, तर ०६०३ हा १.६ बाय ०.८ मिमी. एसओआयसी पॅकेजच्या आयसीचे पाय १.२७ मिमी अंतरावर असतात. आर्डुइनोवरच्या एटमेगा३२८पी चिपच्या ३२ पायांच्या चपट्या पॅकेजमध्ये ते ०.८ मिमीवर येतात.

नियम एवढाच: टिपेची कामाची कड पॅडच्या रुंदीच्या आसपास असावी, शेजारच्या पॅडला लागणार नाही इतपत. या मर्यादेत बसणारी सर्वांत रुंद टिप ही तुमची टिप. अनेकजण उलटं करतात: चालेल त्यातली सर्वांत बारीक निवडतात.

पायरी तिसरी: आकार ठरवा

नावांची फोड करायला शिका, म्हणजे ऑनलाइन यादी बघून गोंधळ होणार नाही. '९००एम-टी-२.४डी' यात '२.४' म्हणजे कडेची रुंदी मिलिमीटरमध्ये आणि 'डी' म्हणजे छिन्नीचा आकार. टी१२ मध्ये हीच टिप 'डी२४' नावाने येते.

पहिली टिप घ्यायची ती हीच, २.४ मिमीची छिन्नी. तिला तीन वेगळे स्पर्श आहेत. सपाट बाजू टेकवली तर मोठं पॅड, जाड वायर, कनेक्टर तापतो. पुढची कड टेकवली तर भोकातला पाय आणि पॅड दोन्ही एकदम तापतात. आणि टिप तिरकी धरून नुसता कोपरा लावला तर ०८०५ रेझिस्टरही नीट बसतो. घरगुती कामातलं बहुतेक सगळं या एका टिपेवर होतं. हात जरा अवघडतोय किंवा पॅड लहान आहेत असं वाटलं तर १.६ मिमीची घ्या.

दुसरी उपयोगी टिप म्हणजे गोल दांडी तिरकी छाटल्यासारखी. ९००एम मध्ये तिच्या नावात '२सी', '३सी', '४सी' असं येतं, टी१२ मध्ये 'बीसी२' वगैरे. छाटलेल्या अंडाकृती तोंडावर सोल्डरचा छोटा साठा राहतो. आयसीच्या पायांवर फ्लक्स भरपूर लावायचा, तोंडावर थोडं सोल्डर घ्यायचं आणि पायांच्या रांगेवरून टिप संथ ओढत न्यायची. पृष्ठताण आपलं काम करतो: सोल्डर प्रत्येक पायाला लागतं आणि जास्तीचं टिपेसोबत पुढे सरकतं. ०.८ मिमीच्या पायांची रांग एकेक पाय धरून करण्यापेक्षा हे खूप सोपं आहे, आणि त्यासाठी सुईसारखं टोक लागत नाही, हे स्वतः करून बघितल्याशिवाय पटत नाही. दोन पायांमध्ये सोल्डरचा पूल राहिला तर टिप पुसून, थोडा फ्लक्स लावून पुन्हा एकदा ओढा.

'के' म्हणजे सुरीच्या पात्यासारखी टिप. तीही रांग ओढायला चालते, शिवाय लांब धार आडवी टेकवून लहान एसएमडी पार्टची दोन्ही टोकं एकाच वेळी तापवून तो उचलता येतो. ही टिप मोठी असते, उष्णता भरपूर देते, पण दाटीच्या जागी शेजारच्या प्लॅस्टिक कनेक्टरला चटका बसू शकतो. वाकडी 'जे' टिप उंच पार्टच्या आड पोचायला. 'आय' आणि 'बी' या शंकू. मायक्रोस्कोपखाली एखादा सुटलेला पाय दाबायला त्या ठीक. पहिल्या खरेदीत यांतलं काही नको.

जाड कामाचा विचार वेगळा. ड्रोनच्या बॅटरीचा एक्सटी६० कनेक्टर, जाड वायर, किंवा बोर्डावरचं 'ग्राउंड'च्या मोठ्या तांब्याला जोडलेलं पॅड: इथे सोल्डर वितळत नाही म्हणून तापमान ४२०-४५० वर नेणं ही सर्रास होणारी चूक. तापमान तेच ठेवून टिप ३.२ मिमीची छिन्नी किंवा ४सी लावा. टिपेत तांबं जास्त, म्हणून साठलेली उष्णता जास्त, स्पर्शही मोठा. बोर्डावर सगळे पाय सहज बसले आणि फक्त 'ग्राउंड'चा पाय हटून बसला असेल तर कारण हेच: त्या पॅडमागचं तांबं उष्णता पसरवून टाकतंय. इतकं करूनही नाही वितळलं तर आयर्नच्या वॅटची मर्यादा आली. २५ वॅटच्या आयर्नवर एक्सटी६० करायला जाऊच नका.

पायरी चौथी: खरेदी

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, या दोन ठिकाणी टिपा हातात घेऊन बघता येतात, हा मोठा फायदा. जाताना जुनी टिप खिशात ठेवा आणि नवी तिच्याशी जुळवून बघा: लांबी, मागची कडा, आतलं भोक. ९००एम मध्ये भोक सैल असेल तर हीटर आणि टिपेमध्ये हवा राहते आणि उष्णता पोचतच नाही. डिस्प्लेवर आकडा येतो, सोल्डर मात्र वितळत नाही. टोकावरचं कथील एकसारखं चंदेरी आणि क्रोमियमची सीमा स्वच्छ गोल असावी. दहा टिपांचा स्वस्त संच घेण्याचा मोह टाळा. त्यातल्या सात तुम्ही कधी लावणार नाही आणि उरलेल्या तिघींचा मुलामा पातळ निघाला तर लवकर खड्डे पडतील. त्याच पैशात दोन चांगल्या टिपा घ्या: २.४ची छिन्नी आणि एक तिरकी छाटलेली.

सोल्डरही तिथेच बघा. शिकताना ६३/३७ मिश्रणाचं (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं), राळेचा फ्लक्स असलेलं, बारीक तारेचं घ्या. २२ गेज म्हणजे सुमारे ०.७ मिमी, झिरो पीसीबीला बरोबर. ६३/३७ हे १८३ अंशांना एकदम वितळतं आणि एकदम घट्ट होतं, मधली चिखलासारखी अवस्था जवळपास नसतेच. शिसं नसलेलं एसएसी३०५ प्रकारचं सोल्डर २१७ ते २२० अंशांना वितळतं आणि टिपेचा लोखंडी थरही लवकर झिजवतं. नळजोडणीचा ॲसिड फ्लक्स मात्र इलेक्ट्रॉनिक्सच्या टेबलावर आणूच नका. तो टिपही खातो आणि बोर्डही.

पायरी पाचवी: टिप पहिल्यांदा तापवताना

टिप बसवून आयर्न चालू करण्याआधीच टोकाभोवती सोल्डरच्या तारेचे दोन-तीन वेढे द्या. तापत असताना आधी फ्लक्स पसरतो, मग सोल्डर, आणि हवेला गंज चढवायला वाव मिळत नाही. टोक चकचकीत, ओलं दिसलं की झालं. सुरुवातीला स्टेशन ३३० च्या आसपास ठेवा. शिशाच्या सोल्डरला ३२० ते ३५० आणि बिनशिशाच्या सोल्डरला ३५० ते ३८० पुरतं.

तीन पिनांच्या प्लगचं स्टेशन असेल तर अजून एक तपासणी करा. प्लग भिंतीतून काढलेला आणि टिप थंड असताना मल्टिमीटर ओहमवर लावून एक टोक टिपेच्या कथील लावलेल्या भागाला, दुसरं प्लगच्या जाड अर्थिंग पिनेला लावा. आकडा एक-दोन ओहमच्या आसपास आला तर टिप अर्थला नीट जोडलेली आहे. मॉसफेटसारख्या नाजूक पार्टसाठी हे महत्त्वाचं आहे. भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंग खरंच आहे का, हेही इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

पायरी सहावी: एक जोड, सावकाश

झिरो पीसीबीवर एक रेझिस्टर लावा. टिप पुसा, टोकावर सोल्डरचा अगदी छोटा थेंब घ्या. हा थेंब जोडासाठी नाही, टिप आणि पॅड यांच्यामधली फट भरण्यासाठी आहे. त्यातूनच उष्णता धावते. छिन्नीची कड अशी टेकवा की ती पॅडलाही लागेल आणि पायालाही. दाब देऊ नका, नुसती टेकवा. मनात एक म्हणा, आणि सोल्डरची तार टिपेला न लावता समोरच्या बाजूने, पाय आणि पॅड मिळतात तिथे लावा. तापमान पुरेसं असेल तर तार तिथेच वितळून पायाभोवती गोल फिरते आणि तुमच्याकडे परत येते. तार आधी काढा, टिप नंतर. जोड थंड होईपर्यंत पार्ट हलवू नका. झालेल्या जोडाची बाजू आत वळलेली, पॅडकडे पसरत गेलेली दिसते आणि पायाचा आकार सोल्डरखालूनही कळतो. सगळं दोन-तीन सेकंदांत होतं. त्याहून जास्त वेळ लागत असेल तर टिप लहान आहे किंवा काळी पडली आहे.

आता तोच जोड आयर्नसोबत आलेल्या शंकूच्या टिपेने करून बघा. सोल्डर टोकाकडून मागच्या जाड, जास्त गरम भागाकडे सरकताना डोळ्यांनी दिसेल.

खिडकी उघडी ठेवा आणि लहान पंखा धूर तुमच्यापासून लांब नेईल असा लावा. तो धूर शिशाचा नसतो, जळणाऱ्या राळेचा असतो, आणि रोज छातीत गेला तर दमा लावू शकतो. शिसं राहतं ते हातावर, म्हणून काम झाल्यावर चहा-नाश्त्याआधी साबणाने हात धुवा.

पायरी सातवी: निगा

आयर्न स्टँडवर ठेवताना टिप पुसून ठेवायची ही सवय चुकीची आहे. पुसायची ती जोडाच्या आधी. ठेवताना टोकावर ताजं सोल्डर लावून ठेवा, बंद करतानाही. काम थांबलं असेल तर आयर्न बंद करा किंवा तापमान २०० वर आणा; नुसतं तापत राहिल्याने जितक्या टिपा मरतात तितक्या कामाने मरत नाहीत.

पुसायला पितळी तारेचा गुंडा उत्तम. भांड्याची स्टीलची तारेची घासणी नको, ती मुलामा ओरखडते. स्पंज वापरायचा तर सेल्युलोजचा, पाण्यात भिजवून घट्ट पिळलेला. निथळता स्पंज टिपेला एकदम थंड करतो आणि मुलाम्याला बारीक तडे जातात. बोरवेलच्या जड पाण्याचे क्षारही टिपेवर बसतात, तेव्हा बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर वापरा.

टिप काळी पडली तर तापमान वाढवू नका, उलट ३०० च्या खाली आणा. पितळी गुंड्यात फिरवा, लगेच फ्लक्सवालं ताजं सोल्डर लावा, पुन्हा फिरवा. काही फेऱ्यांत कथील धरायला लागतं. नाहीच तर टिप टिनर नावाची छोटी डबी मिळते, त्यात टोक बुडवून काढा. कल्हईवाले भांड्यासाठी जो नवसागर वापरतात तोही टिपेवरचा काळा थर काढतो, पण त्याचा धूर घशाला झोंबतो आणि उरलेला क्षार तांब्याला गंजवतो. त्यामुळे तो अगदी शेवटचा उपाय. मोकळ्या हवेत करा आणि बोर्डाला लावण्याआधी टिप ओल्या स्पंजवर पुसून दोन-तीनदा सोल्डरने धुऊन घ्या.

टोकाला खड्डा दिसला, किंवा एक बाजू सोल्डर धरते आणि दुसरी कितीही केलं तरी कोरडीच राहते, की ती टिप बदला. जुनी लगेच फेकू नका. थ्रीडी प्रिंट केलेल्या डब्यात पितळी नट तापवून बसवायला ती छान चालते. फक्त तिच्यावर नेलपॉलिशचा ठिपका देऊन ठेवा, मागच्या बाजूला, म्हणजे प्लॅस्टिक लागलेली टिप चुकून पुन्हा बोर्डावर यायची नाही.